दबाव आभाळातून पडत नाही

मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या पिंपळगाव रेणुकाईत जगाच्या गप्पांना भर येतो. पोती उतरलेली असतात, भाव फुटलेला असतो, काटा व्हायचा असतो आणि हातात पट्टी पडेपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं. कालच्यापेक्षा किलोमागे किती तुटले इथून निघालेलं बोलणं परराज्यांतल्या गाड्यांवरून आखातात जातं आणि हल्ली तिथून पुढे गाझात. इस्रायल तसा आमच्या ओळखीचाच. मिरचीच्या ओळीत अंथरलेल्या ठिबकच्या नळ्यांनी ते नाव बांधाबांधावर नेलं, आणि मोबाइलवरच्या युद्धाने ते कट्ट्यावर आणलं.

या गप्पांत एक वाक्य ठरलेलं आहे. "ते हजारो वर्षांचं भांडण. तिथं बोलणी करून काही होत नसतं. अन् बोलायचं म्हटलं तरी समोर माणूस कुठंय?" एवढं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विषय परत मिरचीवर येतो. हेच वाक्य इस्त्रीचे कपडे घालून टीव्हीवरच्या चर्चेत बसतं, व्याख्यानमालेत उभं राहतं. तिथे त्याला एक पुरवणीही असते: राजकारण्यांनी लुडबुड केली नसती किंवा एखादा खंबीर नेता मिळाला असता, तर प्रश्न कधीच सुटला असता. मला हे सगळं खोटं वाटतं. चुकीचं म्हणत नाही, खोटं म्हणतो. कारण ज्यांनी बोलणी मोडली त्यांची नावं, पक्ष आणि मतं नोंदवलेली आहेत. हे वाक्य ती नावं पुसून टाकतं.

आधी हजारो वर्षांचं पाहू. ब्रिटिश सरकारने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं बाल्फोर पत्र दिलं २ नोव्हेंबर १९१७ ला. संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ चा. पश्चिम किनारा आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले जून १९६७ मध्ये. म्हणजे आमच्या जालन्याला रेल्वे आली त्यानंतरचं हे भांडण आहे. ज्यू आणि मुसलमान एका गावात नांदूच शकत नाहीत, असं ज्याला वाटतं त्याने अलिबागला जाऊन यावं. बेने इस्रायली तिथे शतकानुशतकं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. शेजारी हिंदू होते तसे मुसलमानही होते. त्यातले बहुतेक पुढे इस्रायलला गेले, दिमोना, लोद, अश्दोदसारख्या गावांत स्थिरावले आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. प्राचीन वैर त्यांना कोकणात कधी भेटलं नाही. ते त्यांना भेटलं इस्रायलमध्ये, जमिनीच्या, हद्दीच्या आणि मतपेटीच्या रूपात.

जमिनीचा सौदा ज्याने केला आहे त्याला ऑस्लो करार समजायला वेळ लागत नाही. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान इत्झाक राबिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी हात मिळवले; कागदावर सह्या केल्या शिमॉन पेरेस आणि महमूद अब्बास यांनी. तो कागद खरेदीखत नव्हताच, इसारपावती होती. पाच वर्षांची अंतरिम मुदत. जेरुसलेम कोणाचं, १९४८ मध्ये परागंदा झालेल्या निर्वासितांचं काय, ज्यू वसाहतींचं काय, हद्द कुठून जायची, हे सगळं 'पुढे बोलू' म्हणून बाजूला ठेवलेलं. चतुःसीमाच लिहिलेली नाही अशी इसारपावती आमच्याकडचा अर्जनवीसही लिहून देणार नाही. (उपमा फार ताणत नाही. मालक कोण, हाच तिथला मूळ वाद आहे.) मग दोन मुरलेल्या माणसांनी असला अर्धा कागद का केला?

कारण दोघांच्याही घरात तेवढाच मावत होता. अराफत यांनी १९९० साली कुवेतच्या प्रकरणात सद्दाम हुसेनची बाजू घेतली, त्याबरोबर आखाती देशांचा पैसा आटला. त्यांची संघटना दूर ट्युनिसमध्ये बसलेली आणि गाझाच्या गल्ल्यांत हमासचं वजन वाढत चाललेलं. राबिन यांचं घर तर आपल्या सामायिक सातबाऱ्यासारखं होतं. १२० जणांची क्नेसेट म्हणजे तिथली संसद. त्यात मजूर पक्षाचे ४४, मेरेत्झचे १२ आणि शास या धार्मिक पक्षाचे ६. शास १९९३ मध्येच बाहेर पडला. उरले ५६, आणि बाहेरून पाठिंबा देणारे अरब पक्षांचे ५. गोळाबेरीज ६१. करार क्नेसेटमध्ये आला तेव्हा बाजूने नेमकी ६१ मतं पडली, विरोधात ५०. त्या दिवसापासून विरोधकांनी एक पालुपद धरलं: ज्यू खासदारांचं बहुमत या कराराच्या बाजूला नाही. नागरिकांच्या मताची किंमत धर्म पाहून ठरवायची ही रीत आपल्याकडे कोणाला ओळखीची वाटली, तर तो दोष माझा नाही.

दोन वर्षांनी दुसरा ऑस्लो करार आला. ६ ऑक्टोबर १९९५ च्या पहाटे मतदान झालं: ६१ विरुद्ध ५९. त्या ६१ मध्ये दोन मतं अशा खासदारांची होती, जे त्सोमेत या कडव्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले होते. गोनेन सेगेव यांना मंत्रिपद मिळालं, अॅलेक्स गोल्डफार्ब यांना उपमंत्रिपद आणि त्यासोबतची सरकारी मोटार. 'गोल्डफार्बची मित्सुबिशी' हा टोमणा इस्रायलच्या राजकारणात कायमचा रुजला. सेगेव पुढे अमली पदार्थांच्या तस्करीत आणि नंतर इराणसाठी हेरगिरी केल्याबद्दल तुरुंगात गेले. एका राष्ट्राच्या भवितव्याचा कागद अशा दोन मतांवर पुढे सरकला. महाराष्ट्राच्या वाचकाला तरी याचं नवल वाटायचं कारण नाही.

त्या मतदानाच्या सुमारास जेरुसलेमच्या चौकात कराराच्या विरोधकांची सभा झाली. राबिन यांना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रं गर्दीत फिरली. महिना व्हायच्या आत, ४ नोव्हेंबरला, तेल अवीवमध्ये शांतता सभेतून उतरताना इगाल अमीर या ज्यू विद्यार्थ्याने त्यांना गोळ्या घातल्या.

इथे ठरलेल्या वाक्याचा पुरस्कर्ता मला अडवतो: मग हमासचं काय? हमासचं आहेच. मी ते वगळणार नाही. २५ फेब्रुवारी १९९४ ला बारूख गोल्डस्टाइन या वसाहतीतल्या डॉक्टरने हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. एप्रिलमध्ये अफुला गावात हमासच्या आत्मघातकी हल्लेखोराने बसपाशी स्फोट केला. १९९६ च्या जानेवारीत इस्रायलने हमासचा बॉम्ब बनवणारा याह्या अय्याश याला मारलं. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी नऊ दिवसांत चार स्फोट झाले, साठच्या आसपास माणसं गेली. मे महिन्यात निवडणूक होती. राबिन यांच्या जागी आलेले पेरेस तोवर पुढे होते. कराराचे विरोधक नेतन्याहू तीस हजारांहून कमी मतांनी जिंकले. आपल्याकडे एखाद्या विधानसभेच्या जागेवर एवढा फरक पडतो. करार नको असलेले इकडचे आणि करार नको असलेले तिकडचे, एकमेकांना कधी भेटले नाहीत आणि एकमेकांचं काम चोख करत राहिले. याला प्राचीन वैर म्हणायचं की निवडणुकीचं वेळापत्रक, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबड तालुक्यात या. कारणांची तुलना मी करत नाही. आरक्षणाचा प्रश्न आणि लष्करी ताब्याचा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुलना फक्त बोलणी कशी चालतात याची. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण २९ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि तोवर नकाशात शोधावं लागणाऱ्या गावाकडे मंत्र्यांच्या गाड्या वळल्या. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी रस पाजून उपोषण सोडवलं. मुदती ठरल्या, मुदती टळल्या. नोव्हेंबरमध्ये तर निवृत्त न्यायमूर्ती गावात येऊन बोलून गेले. पंधरवडा गेला नाही तोच १७ नोव्हेंबरला त्याच तालुक्याच्या गावी, अंबडला, ओबीसींची सभा झाली आणि तिथे सरकारवर तुटून पडले छगन भुजबळ, त्याच सरकारचे मंत्री. सभेच्या आदल्या दिवशीच आपण राजीनामा दिला होता, हे त्यांनी पुढे फेब्रुवारीत सांगितलं. २७ जानेवारी २०२४ ला वाशीला सगेसोयऱ्यांच्या अधिसूचनेचा मसुदा हाती पडला, गुलाल उधळला गेला. जूनमध्ये वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. वडीगोद्रीही अंबड तालुक्यातलीच. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशीच्या मंत्रिमंडळ बैठकीला भुजबळ गेले नाहीत.

आता मला सांगा, या दोन वर्षांत सरकार आणि उपोषणकर्ते समोरासमोर बसले तेव्हा खोलीत किती माणसं होती? दिसायला दहा-पंधरा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या पाठीमागे गावंच्या गावं उभी होती, प्रत्येकाच्या खिशात पुढच्या निवडणुकीचं मत होतं आणि प्रत्येक कागदातला शब्द त्या मतांकडे पाहून घातला किंवा गाळला जात होता. 'मसुदा' हा शब्दच घ्या. ज्याला हवं त्याने त्याला निर्णय समजावं, ज्याला नको त्याने कच्चा कागद. ऑस्लोमध्येही असे दोन तोंडांचे शब्द पेरलेले होते. त्यामुळे सही तर होते. घरी गेल्यावर दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांना वेगवेगळा अर्थ सांगावा लागतो, आणि दोन्हीकडचे लोक एक दिवस तो कागद शेजारी शेजारी ठेवून वाचतात.

आमच्या गावात जे माझ्याशी वाद घालतात, त्यांच्यापैकी एकानेही आजवर मराठा आणि ओबीसींचं भांडण हजारो वर्षांचं आहे असं म्हटलेलं नाही. कारण त्यांना माहीत आहे की काल एकाच पाटाचं पाणी वाटून घेणारी ही माणसं आहेत. जवळून पाहिलं की राजकारण दिसतं आणि लांबून पाहिलं की प्राचीन वैर, एवढाच तो फरक.

आता खंबीर नेत्याकडे वळतो. हा युक्तिवाद आपल्याकडे इतका लाडका आहे की त्याचं उत्तर सावकाश द्यायला हवं. राबिन १९६७ च्या युद्धात इस्रायलचे लष्करप्रमुख होते. त्यांना कोण मऊ म्हणेल? पुढचे पंतप्रधान एहुद बराक तर त्या देशातल्या सर्वाधिक पदकं मिळवलेल्या सैनिकांपैकी एक. जुलै २००० मध्ये ते अराफत यांच्याशी बोलायला कॅम्प डेव्हिडला निघाले तेव्हा सरकारमधले तीन पक्ष बाहेर पडले आणि परराष्ट्रमंत्र्याने सोबत यायलाच नकार दिला. निघण्याआधी १० जुलैला अविश्वास ठराव आला. सरकारच्या विरोधात ५४ मतं, बाजूने ५२. सरकार पाडायला ६१ लागतात म्हणून ते वाचलं. स्वतःच्या संसदेत हरलेला माणूस जेरुसलेमची वाटणी करायला विमानात बसला होता, आणि समोर बसलेल्या अराफत यांना हा आकडा माहीत होता. अराफत यांनी प्रस्ताव नाकारला, हे खरं. प्रस्ताव किती उदार होता यावर तिथे हजर असलेल्यांचंही एकमत नाही. पण ज्याच्या सहीला घरी किंमत उरलेली नाही, त्याच्याशी सौदा कोण करतो? आमच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबण्याआधी दलाल एकच पाहतो: याच्या शब्दावर बैल सुटेल का.

त्यानंतर घडलं ते अधिक केविलवाणं आहे. दोन्ही बाजू एकमेकांच्या सर्वात जवळ आल्या त्या ताबामध्ये, जानेवारी २००१ च्या अखेरीस. तोवर मध्यस्थी करणारे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन २० जानेवारीला पायउतार झाले होते आणि बराक यांची निवडणूक ६ फेब्रुवारीला होती, ते हरले. पुढे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी अराफत यांच्या जागी आलेल्या अब्बास यांना नकाशा दाखवला १६ सप्टेंबर २००८ ला. भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे पद सोडण्याची घोषणा त्यांनी आधीच केलेली होती, आणि दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, त्यांच्या पक्षाने नवा नेता निवडला. नकाशाची प्रत मिळाली नाही म्हणून अब्बास यांनी तो कागदावर हाताने उतरवून घेतला. अब्बास यांनी होकार दिला नाही, यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. दुकानाचं शटर खाली येताना सांगितलेला भाव भाव असतो का, हा प्रश्न त्यांत फारसा येत नाही.

खंबीरपणाने काम होतं याचा दाखला म्हणून मेनाखेम बेगिन यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी इजिप्तशी करार केला, सिनाईचा सगळा प्रदेश परत दिला, १९८२ च्या एप्रिलमध्ये यामीत ही वसाहत जमीनदोस्त करून वसाहतवाल्यांना उचलून बाहेर काढलं. बरोबर. पण सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडचा करार क्नेसेटमध्ये ८४ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला तो कोणाच्या जोरावर? बेगिन यांच्या आघाडीतल्या कित्येकांनी विरोध केला किंवा अंग काढून घेतलं. विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाने बाजूने मत दिलं म्हणून तो पार पडला. सत्तेची संधी समोर असताना विरोधकांनी सरकार पाडलं नाही, ही त्या कराराची खरी कहाणी आहे. आणि समोरच्या बाजूला अन्वर सादात यांनी किंमत मोजली: इजिप्त अरब लीगमधून बाहेर फेकला गेला आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला संचलन पाहताना स्वतःच्याच सैनिकांनी त्यांना मारलं.

मग काही सभ्य मंडळी म्हणतात, राजकारणच बाजूला ठेवा. तज्ज्ञांना गुपचूप बसवा. ऑस्लो तसंच घडलं होतं. नॉर्वेत, जगाच्या नजरेआड, दोन इस्रायली प्राध्यापक आणि अराफत यांचे विश्वासू अहमद कुरेई यांच्यापासून त्याची सुरुवात झाली. गुप्ततेमुळे सही झाली. पण ज्यांना त्या सहीसोबत जगायचं होतं त्यांच्याशी कोणी बोललेलंच नव्हतं. शिवाय दबाव म्हणजे पाप, हे मला मान्य नाही. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मराठीच आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. हे खरे ज्यू आहेत की नाहीत अशी शंका. आमच्या कोकणातून गेलेली माणसं १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. आघाडीतल्या धार्मिक पक्षाला दुखवायचं कसं, या चिंतेत सरकार होतं. तरी ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. मूठभर मराठी माणसांनी लावलेला तो राजकीय दबावच होता. तो न्यायाचा होता, आणि त्यांनी स्वतः तो लावला म्हणून आला.

तेव्हा दबाव असावा की नसावा, हा प्रश्नच मोडीत काढा. कोणाचा आहे आणि त्याचं वजन किती, ते विचारा. १९९१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी इस्रायलला हव्या असलेल्या दहा अब्ज डॉलरच्या कर्जहमीला वसाहती थांबवण्याची अट घातली. पंतप्रधान शामीर कुरकुरत का होईना, माद्रिदच्या परिषदेला गेले. त्यांच्या उजवीकडचे दोन पक्ष सरकारमधून गेले. जून १९९२ मध्ये शामीर हरले आणि राबिन आले. अमेरिकेने मनावर घेतलं की हजारो वर्षांचं वैर काही महिन्यांत जागचं हलतं. मग ती रोज का मनावर घेत नाही? कारण वॉशिंग्टनलाही घर आहे, आणि त्या घरातही निवडणुका असतात.

सगळ्यात ताजा दाखला तर डोळ्यांसमोर घडला. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. त्या कत्तलीला कोणतंही कारण समर्थन देऊ शकत नाही. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे, साठ हजारांवर माणसं मारली गेली. या काळात युद्धविरामाची बोलणी कितीदा सुरू झाली आणि कितीदा फिसकटली. हमासनेही अटी ताणल्या, यात शंका नाही. पण १९ जानेवारी २०२५ ला युद्धविराम लागू झाला त्या दिवशी मंत्री इतमार बेन ग्वीर सरकारमधून बाहेर पडले. त्याआधी त्यांनीच जाहीरपणे सांगितलं होतं की गेल्या वर्षात आपल्या राजकीय ताकदीवर असा करार वेळोवेळी रोखला. अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी पुन्हा युद्ध सुरू झालं नाही तर आपणही जाऊ म्हणून बजावलं. १८ मार्चला बॉम्बफेक पुन्हा सुरू झाली आणि बेन ग्वीर परत आले. २५ मार्चला अर्थसंकल्प ६६ विरुद्ध ५२ मतांनी मंजूर झाला. महिनाअखेर तो झाला नसता तर कायद्याने सरकार आपोआप पडलं असतं. या तारखा मी कोणाच्या गुप्त कागदातून काढलेल्या नाहीत. युद्ध सुरू करण्यामागे फक्त अर्थसंकल्प होता असा दावाही मी करत नाही. पण हा आठवडा ज्याच्या नजरेतून सुटला, त्याने मला प्राचीन इतिहास शिकवू नये.

आणि तेच सरकार, तेच मंत्री, तेच हमास असताना १० ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम झाला. १३ तारखेला जिवंत असलेले सगळे २० ओलीस परतले. बेन ग्वीर आणि स्मोट्रिच यांनी विरोधात मत दिलं. मधल्या सात महिन्यांत कोणाचं मन बदललं होतं? कोणाचंच नाही. ९ सप्टेंबरला इस्रायलने दोहात हमासच्या वाटाघाटी करणाऱ्यांवरच हल्ला केला, कतार दुखावला, आखाती देश एकवटले आणि ट्रम्प यांनी नेतन्याहूंवर वजन टाकलं. तिकडे कतार, इजिप्त आणि तुर्कस्तानने हमासवर. तेल अवीवमध्ये ओलिसांचे नातलग दर शनिवारी रस्त्यावर होतेच. दबावाचं पारडं फिरलं, कागद झाला. तो पुन्हा इसारपावतीचाच झाला आणि चतुःसीमा पुन्हा कोरीच राहिल्या, हा माझा त्यावरचा आक्षेप आहे. कैदी, ओलीस, मदतीचे ट्रक यांच्यापुरतं वजन टाकायला जग तयार झालं. जमिनीच्या प्रश्नाला त्याने हात लावला नाही. ऑस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम किनाऱ्यावर एक लाखाहून थोडे अधिक वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. इसार दिल्यापासून वादातल्या जमिनीत विहिरी खोदणं एक दिवसही थांबलेलं नाही, आणि खोदणाऱ्या प्रत्येकाला मत आहे.

आता उरलं ते शेवटचं: समोर माणूस कुठंय? अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी पॅलेस्टिनी अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि अजून खुर्चीत आहेत. २००६ ची संसदेची निवडणूक हमासने १३२ पैकी ७४ जागा मिळवून जिंकली. २००७ मध्ये गाझा त्यांनी बळाने घेतला. तेव्हापासून इस्रायलची सरकारं म्हणत आली की अब्बास निम्म्याच लोकांच्या वतीने बोलतात, त्यांच्याशी करार करून काय उपयोग. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या मध्यस्थीची बोलणी आधीच रखडलेली असताना अब्बास यांनी हमासशी समेट केला, तेव्हा इस्रायलने बोलणी थांबवली, कारण ते हमाससोबत बसले. फूट असेल तर माणूस अपुरा, एकी झाली तर माणूस बाटलेला. अशा अटीवर समोर माणूस कधी दिसणार? यात अब्बासही निर्दोष नाहीत. मे २०२१ मध्ये ठरलेली निवडणूक त्यांनी पुढे ढकलली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदानाला इस्रायलची परवानगी नाही हे कारण दिलं, आणि आपला पक्ष फुटलेला असताना हरण्याची धास्ती होती हे सांगितलं नाही. इस्रायलच्या नेत्याला मतदाराची भीती आहे म्हणून तो बोलत नाही. पॅलेस्टिनी नेत्याला मतदारच नाही म्हणून त्याच्या बोलण्याला वजन नाही. हे दोन दबाव एकसारखे नाहीत, आणि 'दोघंही तसलेच' म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा मोजून पाहावा.

पॅलेस्टिनी लोकांनी आपल्या संसदेसाठी शेवटचं मतदान केलं २५ जानेवारी २००६ ला. त्या दिवशी गाझात जन्मलेलं मूल, जगलं असेल तर, आज विशीत आहे. आपल्या वतीने कोणी बोलावं, हे त्या संसदेसाठी त्याला अजून एकदाही विचारलं गेलेलं नाही.